यामाहा आरएक्स १००: दोनदा बोअर करूनही पिस्टन धरणाऱ्या गाडीचं पूर्ण प्रकरण

गाडी १९९४ ची टू-स्ट्रोक आरएक्स १००, कोल्हापूर पासिंग, पहिल्यापासून एकाच घरातली. वडिलांनी नवी घेतलेली, पुढं त्यांचे गुडघे किक मारायला तयार होईनात म्हणून ती शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली आणि दहा-एक वर्षं तिथंच पडून राहिली. मुलाला नोकरी लागली तसं त्यानं ठरवलं की पप्पांची गाडी परत रस्त्यावर आणायची. एका शॉपला दिली. रंग, क्रोम, सीट, स्टिकर सगळं झक्कास करून मिळालं, इंजिनात अर्धा मिलिमीटर ओव्हरसाईज बोअर (म्हणजे सिलेंडर आतून तेवढं मोठं कापणं), नवा पिस्टन, नवा लोकल कार्बोरेटर. फोटोत गाडी अशी दिसायची की शोरूममधून आत्ता काढलीय.

काहीशे किलोमीटर चालली आणि पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढाला पिस्टन धरला, म्हणजे तापून सिलेंडरमध्ये अडकला (सीझ झाला). मागचं चाक क्षणभर लॉक, पोरगं कसंबसं सावरलं. शॉपवाल्यानं सांगितलं तू रनिंग (नवा पिस्टन बसेपर्यंत जपून चालवणं) नीट केली नाहीस, चढाला ओढलीस. परत बोअर, या वेळी पाऊण मिलिमीटर, परत पिस्टन. यावेळी पोरानं अगदी जपून चालवली, चाळीसच्या वर नेलीच नाही, तरी काही आठवड्यांत परत धरला, आणि गंमत म्हणजे या वेळी चढाला नाही, तर पन्हाळ्यावरून उतरताना, ॲक्सिलरेटर बंद असताना. मग त्याच शॉपनं निदान बदललं: पेट्रोलमध्ये इथेनॉल आलंय, जुन्या गाड्यांना हे होणारच, आता मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) मोठा टाकू. टाकला. गाडी वरच्या रेसला घुसमटायला लागली, धूर वाढला, ॲव्हरेज पडलं, आणि मूळ आजार होता तसाच.

या टप्प्यावर गाडी आमच्याकडे आली. आमच्याकडे म्हणजे एका मिस्त्रींच्या गॅरेजवर, त्यांना सगळे मामा म्हणतात, टू-स्ट्रोकवर त्यांचं आयुष्य गेलंय, आणि मी सुट्टीच्या दिवशी तिथं हात काळे करून घ्यायला जाणारा माणूस.

मामांची पद्धत अशी की पाना हातात घ्यायच्या आधी मालकाला बोलतं करायचं. पोरगं म्हणालं, "मामा, थंड असताना गाडी एकदम गुळगुळीत. गरम झाली की रेस आपोआप वाढते."

"किती वेळानं?"

"पंधरा-वीस मिनिटं चालवली की. सिग्नलला ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली येत नाही, बाजूचे लोक बघतात, त्यांना वाटतं मी मुद्दाम पीळतोय."

"आन् स्लोचा स्क्रू कमी केला तर?"

"मग गरम असताना बरोबर बसते पण सकाळी थंड असताना बंदच पडते."

"एअर स्क्रू फिरवून बघितलास?"

"शॉपवाल्यांनी फिरवला. म्हणले काही फरक पडत नाही."

एवढ्यावर मामांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, कार्बोरेटरला हात लावायचा न्हाई, ही हवा वडतीया.

आता हे असं का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथंच लोकांचे पैसे वाया जातात. फोर-स्ट्रोकवर शिकलेल्या माणसाच्या डोक्यात असतं की पेट्रोल-हवा कार्बोरेटरमधून हेडमध्ये जाते, विषय संपला. टू-स्ट्रोकमध्ये तसं नसतं. पिस्टन वर जाताना त्याच्या खालच्या क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या बंद पेटीत) पोकळी तयार होते, त्या ओढीनं रीड व्हॉल्व्ह (एकाच दिशेला उघडणाऱ्या पातळ पट्ट्या) उघडतो आणि मिक्श्चर आधी क्रँककेसमध्ये येतं. पिस्टन खाली आला की तेच मिक्श्चर दाबलं जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून वर सिलेंडरमध्ये जातं. म्हणजे खालची क्रँककेस हीच एक पंप आहे, आणि सायकलच्या पंपाचं वॉशर फाटलं की जसं कितीही हापसा चाक भरत नाही, तसंच क्रँककेस कुठूनही गळायला लागली की सगळं गणित बिघडतं. क्रँकच्या दोन्ही टोकांना एकेक ऑइल सील असतं, डावीकडं मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूला आणि उजवीकडं क्लचच्या बाजूला, आणि नाव ऑइल सील असलं तरी टू-स्ट्रोकमध्ये त्याचं खरं काम हवा अडवायचं आहे.

मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची कोरडी हवा आत येते. ती कार्बोरेटरमधून आलेली नाही, म्हणजे तिच्यासोबत ना पेट्रोल येतं ना ऑइल. मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि इंजिन जास्त तापतं. ॲक्सिलरेटर बंद असताना कार्बोरेटरमधून येणारी हवा मुळात थोडी, त्यामुळं ही चोरटी हवा प्रमाणात खूप मोठी ठरते, म्हणून स्लोला रेस टांगून राहते आणि एअर स्क्रू फिरवून काहीच होत नाही. आणि क्लचच्या बाजूचं गेलं तर ओढीसोबत गिअर ऑइल आत येतं, मागून पांढरा धूर सुटतो, गिअर ऑइल कमी होत जातं. या गाडीत गिअर ऑइल बरोबर लेव्हलला होतं, मोठा जेट टाकायच्या आधी धूरही नव्हता. म्हणजे संशय डावीकडं.

पण संशय म्हणजे निदान नव्हे. गरम झाल्यावर त्रास देणाऱ्या टू-स्ट्रोकची आणखी दोन-चार कारणं असतात आणि ती आधी वगळावी लागतात. टाकी नवीन रंगवलेली असली की आतला गंज बऱ्याचदा तसाच असतो, तो कॉकच्या जाळीत बसतो, पेट्रोल ठिबकतं पण वाहत नाही, आणि काही किलोमीटर गेल्यावर फ्लोटची वाटी रिकामी व्हायला लागली की गाडी लीन होऊन सीझ होते, लक्षणं पुष्कळशी सारखीच. म्हणून पाईप काढून बाटलीत धार सोडून बघितली, झाकण लावून आणि झाकण काढून, कारण झाकणाचं हवेचं भोक रंगानं बुजलेलं असू शकतं. धार दोन्ही वेळेला सारखीच, भरपूर. ठिणगी देणारं सीडीआय किंवा पल्सर कॉइल गरम होऊन दगा देते तेव्हा गाडी मिसिंग मारते, फटके मारते, बंद पडते, पण रेस टांगत नाही आणि पिस्टन धरत नाही, त्यामुळं तो विषय पाच मिनिटांत संपला. टायमिंगबद्दल मात्र शंका होती, कारण मॅग्नेटच्या नटावर छिन्नीचे वार दिसत होते. मॅग्नेट पुलर न लावता हातोडीनं काढला की क्रँकवरची चावी चेपते, टायमिंग पुढं सरकतं आणि इंजिन तापतं. ते मॅग्नेट काढल्यावरच कळणार होतं.

पोरानं एक गोष्ट फार चांगली केली होती, दोन्ही धरलेले पिस्टन पिशवीत ठेवले होते. जुना पिस्टन मागून घ्यायचाच, तो पुरावा असतो. दोन्हींवर ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला, उभे, ॲल्युमिनियम फाटून पुसल्यासारखं. इनटेकची बाजू जवळपास स्वच्छ. माथा फिकट राखाडी, कार्बनचा थर नाहीच. पिस्टन पिनचं नीडल बेअरिंग तपासलं तर ते निळं पडलेलं नव्हतं. ऑइल कमी पडून धरलेला पिस्टन असता तर ओरखडे चौफेर असते आणि ते बेअरिंग भाजलं असतं. थंड इंजिन एकदम ताणल्यानं धरला असता तर चार कोपऱ्यांवर चार पट्टे दिसले असते. हे तिसरंच होतं, सायलेन्सरची बाजू जास्त तापल्याचं, म्हणजे लीनचं चित्र.

आणि उतारावर का धरला, तेही यातच आलं. शॉपनं ऑइल पंप काढून त्या जागी झाकण मारलं होतं आणि पेट्रोलमध्ये २टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) मिसळून घालायला सांगितलं होतं. आरएक्सचा ओरिजिनल ऑटोल्यूब पंप इंजिनच्या रेसवर पण चालतो आणि ॲक्सिलरेटरच्या केबलवर पण, त्यामुळं उतारावर ॲक्सिलरेटर बंद असला तरी इंजिन फिरतंय तोवर थोडं ऑइल येत राहतं. मिसळलेल्या पेट्रोलवर मात्र ॲक्सिलरेटर बंद म्हणजे पेट्रोल बंद आणि त्यासोबत ऑइल पण बंद, वर घाट उतरताना चाकं इंजिनला जोरात फिरवतायत आणि सीलमधून कोरडी हवा आत येतेय. धरणारच. लोक पंप का काढतात मला खरंच कळत नाही. "पंपाचा भरवसा नाही" म्हणतात, पण पंप बिघडल्यामुळं सीझ झालेल्या गाड्यांपेक्षा मापात चूक करून सीझ केलेल्या गाड्या मी जास्त बघितल्यात.

मग लीक टेस्ट. ही टेस्ट आपल्याकडं फारसं कुणी करत नाही, लागतं काहीच नाही पण वेळ जातो. सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टवर सायकल ट्यूबचा तुकडा आणि त्यावर ॲल्युमिनियमची पट्टी बोल्टनं आवळली. कार्बोरेटर काढून इनटेकच्या रबरात एक लाकडी बूच क्लिपनं बसवलं, बुचातून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह आरपार. ऑइल पंपाची नळी जिथं यायची ते तोंड बंद. प्लग जागेवर. पिस्टन अगदी खाली, म्हणजे सगळे पोर्ट उघडे राहून वरचं आणि खालचं एकच होतं. इनटेककडून हवा भरली तरी रीड त्याच दिशेला उघडतात, अडचण येत नाही. आणि हवा भरायला मामांच्या घरातलं जुनं बीपी मशीन, दंडाचा पट्टा फाटलेला पण रबरी बल्ब आणि घड्याळ शाबूत. बीपी मशीनचं घड्याळ ३०० पर्यंत जातं आणि ३०० मिलिमीटर पारा म्हणजे साधारण ५.८ पीएसआय, टू-स्ट्रोकच्या टेस्टला सहाच्या आसपासच लागतं. त्यापेक्षा जास्त द्यायचंच नाही, चांगली सीलं बाहेर ढकलली जातात. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा मारून टेस्ट करणारे महाभाग आहेत, त्यांना साष्टांग नमस्कार.

चांगलं इंजिन ३०० वर पाचेक मिनिटं जवळपास स्थिर राहतं, मिनिटाला एक पीएसआय म्हणजे या घड्याळावर पन्नासेक आकडे खाली येणं ही शेवटची हद्द. इथं बल्बवरचा हात काढायच्या आत काटा शंभराच्या खाली. परत भरलं, परत तेच. मग कपडे धुवायच्या पावडरचं पाणी आणि ब्रश. हेडची कड कोरडी, ब्लॉकच्या पॅकिंगची कड कोरडी, रीडच्या जागेची कड कोरडी. इनटेकच्या रबराच्या वळीत, जिथं वरून बघितलं तर काहीच दिसत नाही तिथं, बारीक बुडबुड्यांची रांग. रबर वाकवल्यावर भेग उघडी पडली.

इथं पोरगं खूष झालं, सापडलं म्हणून. आणि खरं सांगतो, बरीच गॅरेजं इथंच थांबली असती, रबर बदललं, गाडी दिली, आणि महिनाभरात गाडी परत दारात. मामांनी नवं रबर लावून परत भरायला लावलं. काटा आता सावकाश उतरत होता, पण उतरत होताच, अर्ध्या मिनिटात सगळं रिकामं. म्हणजे लीक दोन होत्या, आणि सापडली होती फक्त एक.

क्लचची बाजू आधी बघितली, कारण ती न खोलता बघता येते: ब्रीदर बोटानं दाबून धरला आणि गिअर ऑइलच्या झाकणाच्या भोकावर साबणाचा पडदा धरला. सील गळत असेल तर ती हवा गिअरबॉक्समध्ये येणार आणि पडदा फुगणार. हललाही नाही. मग डावीकडचं कव्हर काढलं, पुलर लावून मॅग्नेट काढला. चावी शाबूत निघाली, टायमिंगची शंका गेली. आणि मागं स्टेटरच्या प्लेटवर, क्रँकच्या भोवती, काळा चिकट लेप. धूळ आणि २टी ऑइल एकत्र मळल्यावर होतो तसा. पिस्टन खाली येताना क्रँककेसमध्ये दाब येतो तेव्हा मिक्श्चर सीलमधून बाहेर फुंकलं जातं आणि त्यातलं पेट्रोल उडून ऑइल तिथंच बसतं. ती जागा कोरडी असायला पाहिजे, बास. प्लेट काढून, पुसून, ब्रशनं साबण लावला आणि बल्ब दाबला तर क्रँकच्या वरच्या अंगाला फेस उभा राहिला, खालच्या अंगाला काहीच नाही.

फक्त वरच्या अंगाला, हे मामांना आवडलं नाही. सील नुसतं म्हातारं झालं असतं तर चौफेर गळालं असतं. क्रँकचं टोक हातानं वर-खाली हलवून बघितलं, तर खेळ लागत होता. बोटाला कळेल इतका. म्हणजे क्रँकचं बेअरिंग गेलेलं, आणि बेअरिंग गेलेल्या इंजिनात नुसतं नवं सील ठोकून काही होत नाही, क्रँक फिरताना डगमगतो आणि सीलची ओठाची कड परत खाऊन टाकतो. मॅग्नेटच्या बाजूचं सील बाहेरून बदलून स्वस्तात सुटण्याची आशा तिथंच संपली, फुल इंजिन उघडायचं ठरलं. पोराचं तोंड पडलं. त्यानं विचारलं, "मामा, एवढे पैसे घातल्यावर परत फुल इंजिन?" मामा म्हणाले, "बाळा, तुझ्या गाडीत तीन पिस्टन होऊन गेलं, सील अजून १९९४ चंच हाय."

केस फोडल्यावर कारण स्पष्ट दिसलं. बेअरिंगच्या खालच्या भागात, जिथं गोळ्या दहा वर्षं एकाच जागी टेकून होत्या, तिथं गंजाचे बारीक खड्डे. शेडमध्ये पडून असताना क्रँककेसमध्ये दमट हवा शिरते, थंडीत पाणी धरतं, ते खाली साचतं. मग गाडी रिस्टोअर होते, वरून ब्लॉक-पिस्टन नवं लागतं आणि खाली ते गंजकं बेअरिंग मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांनी फिरायला लागतं. बेअरिंगला खेळ पडतो, क्रँक डगमगतो, कडक झालेलं सील एका अंगानं उघडतं, हवा शिरते, पिस्टन धरतो. इंजिन गरम झाल्यावर त्रास जास्त, कारण ॲल्युमिनियमची केस लोखंडापेक्षा जास्त फुगते आणि ढिलं असलेलं आणखी ढिलं होतं. हाफ इंजिन (फक्त वरचं ब्लॉक-पिस्टन) करून दिलेल्या, वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये हाच क्रम मी इतरही ठिकाणी बघितलाय, फक्त कुणी खाली बघत नाही, कारण खालचं काम फोटोत येत नाही.

काम उद्यमनगरात नेलं. कोल्हापुरात राहण्याचा हा एक फायदा, शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या जमान्यापासून बोरिंग, क्रँक, फाउंड्री सगळं एका हाकेवर आहे. क्रँक प्रेसवर उघडून कनेक्टिंग रॉडचा किट बदलला, परत दाबून व्ही-ब्लॉकवर डायल लावून सरळ केला, रनआउट (फिरतानाची डगमग) तीन शतांश मिलिमीटरच्या आत आल्याशिवाय मामांनी घेतला नाही. बेअरिंग घेताना एक लक्षात ठेवायचं, दुकानात नंबर सांगितला की साधं बेअरिंग हातात देतात, टू-स्ट्रोकच्या क्रँकला सी-३ क्लिअरन्सचं, म्हणजे आत थोडी जास्त फट असलेलं मागायचं, गरम झाल्यावर फुगायला जागा लागते. बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून आणि केस गरम करून बसवली, हातोडी लागलीच नाही. (मामी विचारत होत्या बर्फाच्या ट्रेशेजारी हे काय आहे.)

सील दोन्ही बाजूंची बदलली, क्लचची बाजू चांगली होती तरी, उघडलंय तर परत तेच तीस वर्षांचं रबर कशाला ठेवायचं. शक्य असेल तर तपकिरी व्हायटॉनची घ्यायची, इथेनॉलच्या पेट्रोलला साध्या काळ्या रबरापेक्षा चांगली टिकतात. क्रँकवर जुन्या सीलच्या ओठानं एक बारीक चर पाडला होता, नखाला लागायचा. नवं सील त्याच खोलीवर बसवलं असतं तर ओठ परत त्याच चरात बसला असता, म्हणून केसाएवढं बाहेर ठेवलं. उलट फार आत ढकललं तर बेअरिंगला ऑइल यायचं बारीक भोक झाकलं जातं, तेही बघावं लागतं.

आता सिलेंडरचा प्रश्न. आरएक्सचा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५०, म्हणजे ९८ सीसी, आणि ओव्हरसाईज पाव-पावानं एक मिलिमीटरपर्यंत मिळतात. यात पाऊण वापरून झालेलं, उरलेला शेवटचा. पण खुणा नीट बघितल्या तर भिंतीवर ओरखडे कमी आणि पिस्टनचं पुसलेलं ॲल्युमिनियम जास्त होतं. बाथरूम धुवायचं ॲसिड कापसाच्या बोळ्यानं फक्त त्या डागांवर लावलं, मोकळ्या हवेत, ग्लोव्हज घालून, बाहेरच्या फिन्सना थेंब लागू न देता. ॲल्युमिनियम फसफसून विरघळतं, स्लीव्हचं बिडाचं लोखंड तेवढ्या वेळात टिकतं, लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं आणि ऑइल लावायचं. मग हलकं होनिंग (आतली भिंत घासणं), गेज लावून माप घेतलं तर गोल आणि मापात. त्यामुळं त्याच साईजचा नवा पिस्टन टाकता आला आणि शेवटचा बोअर शिल्लक राहिला. पोर्टच्या कडा मात्र आधीच्या दोन्ही बोरिंगनंतर कुणी मारल्याच नव्हत्या, बोट कापेल इतक्या धारदार. त्या घासून गोल केल्या, नाहीतर रिंग अडकून तुटते.

सगळं जोडून, कार्बोरेटर लावायच्या आधी, परत बीपी मशीन. ३०० भरलं, मामांनी चहा मागवला, चहा पिऊन झाला तेव्हा काटा २९० ला होता.

ऑइल पंप शॉपनं परत दिलेल्या खोक्यात पडून होता, तो साफ करून, हवा काढून, केबलची खूण जुळवून बसवला. पहिल्या टाकीला खात्री म्हणून वर लिटरमागं वीस मिली २टी पेट्रोलमध्येही टाकलं. मोठा मेन जेट काढून कंपनीचा नंबर टाकला, लोकल कार्बोरेटर काढून जुना मिकुनी साफ करून लावला, तोही खोक्यातच होता आणि नव्यापेक्षा शंभर पटींनी चांगला होता.

आता इथेनॉलचं. शॉपवाला पूर्ण चूक नव्हता, म्हणून हा मुद्दा टाळत नाही. साध्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला साधारण साडेतेरा. २०२५ पासून बहुतेक पंपांवर हेच मिळतंय. म्हणजे १९९४ च्या जेटिंगवर ही गाडी सात-आठ टक्के लीन चालणार, हे खरंच आहे. पण सात-आठ टक्क्यांनी गाडी किंचित गरम चालते, रेस टांगत नाही आणि काही आठवड्यांत पिस्टन धरत नाही. शिवाय मेन जेट बोलतो तो पाऊण ॲक्सिलरेटरच्या वर, या गाडीचा आजार होता ॲक्सिलरेटर बंद असताना, तिथं पायलटचं, म्हणजे स्लोच्या छोट्या जेटचं राज्य असतं, मेन जेट शंभर नंबरनं वाढवला तरी स्लोला काही फरक पडला नसता. आणखी एकानं सांगितलं होतं की पन्हाळ्याच्या उंचीमुळं लीन होते. उलटं आहे हो, उंचीवर हवा विरळ होते म्हणजे मिक्श्चर रिच होतं, पेट्रोलचं प्रमाण वाढतं.

तर रनिंग पूर्ण झाल्यावर त्याच वाघबीळच्या चढाला गाडी तिसऱ्या गिअरमध्ये फुल ॲक्सिलरेटरला ओढली, तसंच किल मारून क्लच दाबून कडेला घेतली आणि प्लग काढून बघितला. कंपनीच्या जेटवर पोर्सलिन फिकट, जवळपास पांढरं, म्हणजे लीन. एक नंबर वरचा जेट टाकल्यावर चॉकलेटी, म्हणजे बरोबर. एक नंबर, बास, तेवढाच इथेनॉलचा वाटा होता या सगळ्या प्रकरणात. लीक काढायच्या आधी हाच प्लग बघून जेट ठरवला असता तर तो आकडा खोटा आला असता, म्हणून जेटिंग सगळ्यात शेवटी.

रेस आता ॲक्सिलरेटर सोडला की लगेच खाली बसते, गरम असो की थंड. एअर स्क्रू अर्धा वळसा इकडं-तिकडं केला की इंजिनाचा आवाज बदलतो, म्हणजे पायलट सर्किट परत कामाला लागलंय. खर्चाचं म्हणाल तर सील, बेअरिंग, क्रँकचं काम आणि पिस्टन मिळून आधीच्या दोन बोअर-पिस्टनच्या बिलाच्या आसपासच गेला, नुसती दोन्ही सीलं म्हटली तर काहीशे रुपयांचा विषय.

आरएक्सच्या किमती आता कुठल्या कुठं गेल्यात. १९८५ ला एस्कॉर्ट्सनं आणलेली, सुरुवातीचा माल जपानवरून किट येऊन इथं जोडलेला, ११ बीएचपी आणि वजन शंभर किलोच्या आसपास, आणि १९९६ ला धुराचे नियम कडक झाले तशी बंद. म्हणजे रस्त्यावरची सगळ्यात तरुण आरएक्स १०० सुद्धा तीस वर्षांच्या घरातली आहे. तेव्हा चकचकीत रिस्टोअर केलेली विकत घेणाऱ्यांनी रंग बघण्याआधी गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करावी, ॲक्सिलरेटर सोडून रेस बघावी, आणि विकणारा परवानगी देत असेल तर डावं कव्हर काढून मॅग्नेटच्या मागं टॉर्च मारावा. परवानगी देत नसेल तर किंमत त्या हिशोबानं बोलावी.

या गाडीचे आरटीओचे कागद रिन्यू झालेत, पर्यावरण कर भरलाय, वडील मागं बसून एक चक्कर मारून आलेत. पोराला आता बाहेरचा एक्स्पान्शन चेंबर (जास्त ताकदीसाठीचा फुगीर सायलेन्सर) लावायचाय. मामांनी सांगितलंय की लाव, पण त्यानं जेटिंग सगळं बदलतं, त्यामुळं परत प्लग बघितल्याशिवाय घाटात न्यायची नाही, आणि त्याआधी पुढच्या फोर्कची सीलं बदल, ती पण अजून १९९४ चीच आहेत.